ड्रोनचा आराखडा काढण्याआधी पॉनी बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फवारणीच्या ड्रोनचा आराखडा पाहिला. मोटारी, वजन, बॅटरी, सगळा हिशेब चोख आहे. पण तारेला अडकला तर काय, पडला तर औषध कुणाच्या अंगावर जाईल, यावर एक ओळही नाही. म्हणून आज पायपर कंपनीच्या 'पॉनी' या फवारणीच्या विमानाबद्दल लिहितो.

विमानातून फवारणी तशी जुनी. 3 ऑगस्ट 1921 ला ओहायोतल्या ट्रॉयजवळ जॉन मॅक्रेडीने लष्कराच्या 'जेनी' विमानातून कटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेट या विषारी कीटकनाशकाची भुकटी उधळली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर स्टीअरमनसारखी प्रशिक्षणाची विमानं अमेरिकेत स्वस्तात मिळू लागली. पुढची सीट काढायची, तिथे औषधाची टाकी बसवायची, झालं! मागच्या सीटवरून समोरचं धड दिसायचं नाही, आणि उडायचं मात्र पिकाला घासून.

फ्रेड विक या विमान-अभियंत्याने टेक्सासच्या ए अँड एम कॉलेजात उलट्या टोकाने सुरुवात केली. फवारणीचं विमान कधीतरी आपटणारच, तेव्हा आतला माणूस वाचला पाहिजे. त्याचं 'एजी-1' 1 डिसेंबर 1950 ला उडालं. पुढे 'एजी-3' आलं, आणि त्यावरून 1959 पासून पॉनी बनू लागली. अशी पाच हजारांवर विमानं निघाली.

तिचा बाजूने काढलेला फोटो शोध. इंजिन पुढे, मग औषधाची टाकी, आणि वैमानिक या सगळ्याच्या मागे, उंचावर. म्हणजे आपटल्यावर मागून काही जड येऊन त्याला चिरडणार नाही. पुढची नळ्यांची चौकट दुमडत दुमडत धक्का खाते. चाकांच्या दांड्यांना तार कापायला धार. कॉकपिटच्या टपापासून शेपटीच्या शेंड्यापर्यंत ताणलेली केबल, वरून आलेली तार तिच्यावरून घसरून जावी म्हणून.

तरी विकची आरती ओवाळू नकोस. पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढ्यात, विमानाच्या धडातच होती! धडकेतून वाचलेला माणूस आगीत सापडायचा धोका होताच. ती पंखांत गेली थेट 1974 च्या 'डी' मॉडेलमध्ये.

तुझ्या ड्रोनमध्ये वैमानिक नाही, पण बांधावर औषध कालवणारा आहे. आणि तुझी बॅटरी औषधाच्या टाकीच्या बरोबर खाली आहे. झाकण गळलं तर? आधी फवारणीवाल्यांबरोबर शिवारात जा, विजेच्या तारा कुठून कशा लोंबतात ते बघ. मग नवा आराखडा पाठव. या वेळी बाजूने काढलेला, नुसता वरून नको.

तुझा,
काका