एलएलबीची फी परवडेल, पण सनदेनंतरची वर्षे?

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे: वय ३३, खासगी कंपनीत लेखापाल, हाती पगार ४२,००० रुपये, आईचे निवृत्तिवेतन १२,०००, गृहकर्जाच्या १४,००० च्या हप्त्यासह घरखर्च ३०,०००, शिल्लक ७ लाख. यंदाच नोकरी सोडून तीन वर्षांचे एलएलबी करावे का, आणि प्रवेश तरी मिळेल का?

प्रवेशाची धास्ती आपण जरा जास्तच घेतली आहे. राज्याच्या सीईटीत (सामायिक प्रवेश परीक्षेत) चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांसाठी चुरस असते खरी. पण वकिली नाशिकलाच करायची असेल, तर पसंतीक्रमात घराजवळचे महाविद्यालय वर ठेवण्यात कमीपणा नाही.

अडचण हिशेबात आहे. नोकरी सुटली की दरमहा १८,००० रुपयांची तूट येईल. आपण कळवलेली वर्षाची ४०,००० रुपये फी तीन वर्षांसाठी वजा केल्यावर उरणारे ५ लाख ८० हजार जेमतेम ३२ महिने पुरतील. म्हणजे शेवटच्या सत्रातच खाते रिकामे होईल आणि कमाई त्यानंतरही लगेच सुरू होणार नाही. ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांच्या नियामक संस्थेने) २०२४ मध्ये सुचवले, पण ती केवळ शिफारस आहे. सिनियरच्या मागे फायली घेऊन धावणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, हे एखाद्या सकाळी कोर्टाच्या आवारात चहा घेता घेता विचारून पाहावे. न्यायाधीशपद मनात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने त्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे.

नोकरी सांभाळून शिकण्याचा मोह होईल. परंतु नियमानुसार ७० टक्के हजेरी लागते, आणि सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करून वकिली करता येत नाही. हजेरी कागदावरच भरून देणाऱ्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

म्हणून यंदा थांबावे, असे माझे मत आहे. आज दरमहा २४,००० रुपये मागे पडू शकतात. दोन वर्षे ते मुदत ठेवीत टाकल्यास व्याज न धरताही शिल्लक १२ लाख ७६ हजारांवर जाते. फी वजा जाता ती ६४ महिने पुरते, म्हणजे पदवीनंतरही ज्युनिअरशिपची सव्वादोन वर्षे निघतात. गृहकर्ज चालू असताना त्यावर शैक्षणिक कर्ज काढू नये. या दोन वर्षांत जीएसटी आणि प्राप्तिकराच्या कामात हात बसवावा. कर-वकिलांकडे लेखापाल राहिलेल्या ज्युनिअरला पहिल्या दिवसापासून काम असते.