शंकूच्या टाकीच्या गणितात त्रिज्येचा दर दिलेलाच नसतो, मग ते सोडवायचं कसं?

तुमचं गणित असं आहे ना, टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची टाकी, ४ मीटर खोल, वर तोंडाची त्रिज्या २ मीटर, पाणी मिनिटाला २ घनमीटर पडतंय, तर पाणी ३ मीटर चढलेलं असताना पातळी किती वेगाने वाढतेय. आणि अडलंय कुठे, तर त्रिज्यापण बदलतेय पण तिचा दर दिलेला नाही. बारावीला मीपण इथेच अडकायचो, घनफळाच्या सूत्राला थेट प्रॉडक्ट रूल (गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम) लावायचा आणि मग डीआर बाय डीटी, म्हणजे त्रिज्येचा दर, कुठून आणू म्हणून डोकं धरून बसायचं.

तो आणायचाच नाही. त्या आरला, म्हणजे पाण्याच्या त्रिज्येला, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घ्यायच्या आधीच घालवायचं, समरूप त्रिकोण लागतात ते एवढ्यासाठीच.

टाकी मधोमध उभी कापली असं समजा आणि अर्धाच भाग बघा. काटकोन त्रिकोण दिसेल, उभी बाजू ४, आडवी २. पाण्याचा त्रिकोण त्याच्याच पोटात आहे, खालचं टोक दोघांचं एकच, तिथला कोनही तोच, म्हणून समरूप. पाणी चढतं तसा आतला त्रिकोण मोठा होत जातो पण त्याची ठेवण बदलत नाही, आर भागिले एच (पाण्याची उंची) कायम २/४ च राहतं. म्हणजे आर = एच/२. बाकी सगळं हलतंय आणि ही एकच गोष्ट हलत नाहीये, म्हणून तिला पकडायचं.

आता घनफळ म्हणजे १/३ × पाय × आर वर्ग × एच, त्यात हे टाकलं की पाय × एच घन ÷ १२. एकच अक्षर उरलं. मग डीव्ही बाय डीटी (घनफळाचा दर, इथे २) = (पाय × एच वर्ग ÷ ४) × डीएच बाय डीटी. एच = ३ आत्ता टाकायचं, त्याआधी टाकलं की एच स्थिरांक झाला आणि डेरिव्हेटिव्ह शून्य, बरीच पोरं इथेच मार्क घालवतात. उत्तर ८/(९ पाय), साधारण ०.२८ मीटर प्रति मिनिट.

ताळा करायचा असेल तर ३ मीटरला पाण्याच्या वरच्या गोलाची त्रिज्या १.५, क्षेत्रफळ ७.०७, आणि २ भागिले ७.०७ म्हणजे परत ०.२८. पाणी १ मीटरवर होतं तेव्हा पातळी याच्या नऊपट वेगाने चढत होती, कारण तिथे गोल नऊपट लहान.

दिव्याच्या खांबाचं गणितपण याच जातीचं. खांब ४.५ मीटर, माणूस १.८ मीटर, सेकंदाला १.२ मीटरने खांबापासून लांब चाललाय, तर त्याची सावली किती वेगाने वाढतेय. खांबापासून माणूस एक्स आणि सावली वाय धरली तर मोठ्या त्रिकोणाचा पाया एक्स + वाय होतो, नुसता एक्स नाही (ही चूक मी स्वतः कितीवेळा केलीय विचारू नका). (एक्स + वाय)/वाय = ४.५/१.८ = २.५, म्हणून वाय = २/३ एक्स, सावली ०.८ ने वाढते. पण प्रश्न सावलीच्या टोकाचा वेग विचारत असेल तर माणसाचे १.२ पण मिळवायचे, २ मीटर प्रति सेकंद. आणि माणूस खांबापासून अमुक मीटरवर असताना असं दिलं असेल तर तो आकडा इथे लागतच नाही, घाबरू नका.

एक मात्र बघा, टाकी टोक वर करून ठेवलेली असेल तर खालचा पाण्याचा भाग त्रिकोण नसतो, समरूप त्रिकोण वरच्या रिकाम्या भागात मिळतो. याच मापांना तिथे आर = (४ − एच)/२ येईल, आणि पाण्याचं घनफळ म्हणजे पूर्ण टाकीतून तो रिकामा शंकू वजा करायचा.