वर्दीच्या तोंडी शब्द घालू नकोस

प्रिय मित्रा,

तुला संरक्षणाची बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्यांची जबाबदारी, मिळाल्याचं कळलं. आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. महापालिकेच्या बातमीत चूक झाली, तर सकाळी फोन करून भांडणारा माणूस असतो. इथे तो नाही. लष्कराच्या १९५४ च्या नियमांतला २०वा नियम सेवेतल्या माणसाला राजकीय सभेला जाऊ देत नाही, पक्षाला वर्गणी देऊ देत नाही. २१वा नियम राजकीय प्रश्नावर किंवा सेवेविषयी परवानगीशिवाय काही छापायला देऊ देत नाही. म्हणजे तू ‘जवान सरकारवर नाराज’ किंवा ‘लष्कर सरकारवर खूश’ असं लिहिलंस, तर ज्यांच्या नावावर ते खपलं त्यांना साधा खुलासाही करता येणार नाही. म्हणून लष्कराच्या नावाने मत मांडणारं एकही वाक्य लिहू नकोस, मग ते कोणाच्याही बाजूचं असो.

जवानाला मत नसतं असं मात्र समजू नकोस. तो मतदार आहे, टपाली मतपत्रिकेने मत देतो, आणि ते मत तुझ्यामाझ्या मताइतकंच गुप्त आहे. ‘छावणीचा कौल कोणाला’ ही बातमी डेस्कने कितीही मागितली तरी देऊ नकोस.

जुनं एक प्रकरण नीट वाच. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी ३१ ऑगस्ट १९५९ रोजी राजीनामा दिला. नेहरूंच्या सांगण्यावरून त्यांनी तो मागे घेतला, पण बातमी फुटलीच. शेजारी पाकिस्तानात अयुब खानांनी सत्ता घेऊन वर्षही झालं नव्हतं. त्यामुळे एका सेनापतीच्या नाराजीत लोकांना भलतंच काही दिसू लागलं. मुलकी सत्ताच श्रेष्ठ आहे आणि राहिली पाहिजे, असं नेहरूंनी २ सप्टेंबरला संसदेत सांगितलं. ते बरोबरच होतं. पण बढत्यांमधला हस्तक्षेप आणि सैन्याची तयारी हे मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडले, आणि तीन वर्षांनी १९६२ चं चीन युद्ध आलं. आपल्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणं मांडणारा सेनापती राजकारण करत नसतो. हा फरक वाचकाला समजावून सांगणं आपलं काम आहे.

एप्रिल २०१२ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने पहिल्या पानावर छापलं, की जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग स्वतःच्या जन्मतारखेच्या वादात सर्वोच्च न्यायालयात गेले त्याच रात्री दोन तुकड्या सरकारला न कळवता दिल्लीच्या दिशेने निघाल्या होत्या. सरकारने आणि लष्कराने इन्कार केला, दैनिक आपल्या बातमीवर ठाम राहिलं. तसं काही तुझ्या हाती आलं, तर तुकडी निघाली ही माहिती वेगळी ठेव आणि ती का निघाली याचा तर्क वेगळा. मथळा फक्त माहितीचा असू दे.

२०१९ ची निवडणूक तर आपल्या धंद्याची परीक्षाच होती. प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका, ही २०१३ ची सूचना निवडणूक आयोगाला मार्चमध्ये पुन्हा बजावावी लागली. एप्रिलमध्ये सैन्याच्या राजकीय वापराविरुद्ध दीडशेहून अधिक माजी सैनिकांच्या नावांचं राष्ट्रपतींना उद्देशून पत्र प्रसिद्ध झालं. त्यातला मुद्दा मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण माजी लष्करप्रमुख रॉड्रिग्ज आणि माजी हवाईदल प्रमुख सुरी यांनी आपली संमती नसल्याचं लगेच सांगितलं, आणि चर्चा पत्रातला मुद्दा सोडून सह्यांवर गेली. असं पत्र आलं की निदान मोठ्या नावांना स्वतः फोन कर, मगच बातमी सोड.

लष्करी कारवाईबद्दलचे प्रश्न मंत्र्यांना विचार. तिचा राजकीय निर्णय त्यांचा असतो, त्याचं उत्तर गणवेशातल्या माणसाकडून काढायचं नसतं.

निवृत्त अधिकारी पक्षात गेले तर काय, असं तू विचारलं होतंस. तो त्यांचा हक्क आहे. फील्ड मार्शल करिअप्पा १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. जनरल व्ही. के. सिंग २०१४ मध्ये भाजपमध्ये जाऊन खासदार झाले. पण स्टुडिओत बसलेल्या माजी अधिकाऱ्याच्या नावाखाली ‘संरक्षणतज्ज्ञ’ एवढंच लिहून भागत नाही. ‘निवृत्त’ हा शब्द हवा, पक्षात असतील तर पक्षाचं नावही हवं. पक्षप्रवेशाच्या बातमीला संग्रहातला गणवेशातला फोटो लावायचा मोह होईल. तो लावू नकोस, त्या दिवशीचा साध्या कपड्यातला मागव.

तुझा,
काका