तुझ्या नायकाची आई

प्रिय बेटा,

तुझी कादंबरी दोन रात्रींत वाचून काढली. बाहेर मे महिन्याची धग, कानाशी कूलरची घरघर आणि समोर तू उभं केलेलं पुढच्या शतकातलं नागपूर. नायक झिरो माईलपाशी सरकारी कॅमेरा फोडतो, ते पान दोनदा वाचलं. भाषा तुझ्या हातात आहे. पण या पोराचा राग कुठून आला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. राजवट वाईट आहे म्हणून माणूस चिडतो, कुढतो. जीव पणाला लावतो तो कुणासाठी तरी. त्याला घरी आई आहे, असं तू एका ओळीत सांगतोस. नंतर ती दिसतच नाही.

ऑर्वेलची '1984' ही कादंबरी पुन्हा काढ. ती आली 1949 साली. तिचा नायक विन्स्टन सुरुवातीला एकटाच आहे. घरात बसवलेल्या, सतत पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनच्या नजरेआड कोपऱ्यात बसून डायरी लिहितो आणि स्वतःला मेल्यातच जमा धरतो. मग ऑफिसच्या लांब बोळात, तिथेच काम करणारी, हात झोळीत बांधलेली ज्युलिया पडते. तो उठवायला जातो, ती त्याच्या मुठीत चिठ्ठी सरकवते. चिठ्ठीत प्रेमाची कबुली, बाकी काही नाही. ती वाचली आणि त्याला जगावंसं वाटू लागलं! इथून त्याच्या बंडाची जातच बदलते. भाड्याची खोली येते, खऱ्या कॉफीचा वास येतो. तो बंदी असलेलं पुस्तक वाचून दाखवतो आणि ही झोपी जाते. त्याला सत्य हवंय, तिला सुख. दोघं एकमेकांना आपल्याकडे ओढतात. म्हणूनच छळाच्या खोली क्रमांक 101 मध्ये राजवट त्याच्याकडून शेवटी एकच गोष्ट वदवून घेते : मला नको, हे ज्युलियाला करा.

त्याच कादंबरीतला शेजारी पार्सन्स तर मला रात्री आठवतो. सात वर्षांच्या लेकीने दाराला कान लावून बापाचं झोपेतलं बरळणं ऐकलं आणि त्याला पकडून दिलं. कोठडीत बसून हा बाप लेकीचं कौतुक करतो. राजवट घरात कुठवर शिरलीय, हे त्या एका कौतुकातून कळतं. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट 451' मध्येही असंच. पुस्तकं जाळणं हीच नोकरी असलेल्या माँटागला शेजारची पोरगी विचारते, तू सुखी आहेस का. आणि तो घरात पुस्तकं लपवतो, तेव्हा त्याची तक्रार करते ती बायको.

मी तुझ्या वयाचा असताना हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन निघालो होतो. आईने अडवलं नाही. डब्यात चार पोळ्या जास्तीच्या ठेवल्या, म्हणाली, सोबतच्या पोरांनी खाल्लं नसेल. दुपारी लाठ्या सुरू झाल्या तेव्हा पळावं की थांबावं, हे ठरवताना घोषणा एकही आठवली नाही. डबा आठवला. मी थांबलो, कारण ज्याच्यासाठी त्या पोळ्या होत्या तो मित्र खाली पडला होता.

तेव्हा तिसरं प्रकरण पुन्हा लिही. कॅमेरा फोडून पोरगा घरी येतो, तिथून. आईला कळलंय. ती त्याला लपवेल, की धाकट्या बहिणीच्या काळजीने चौकीवर जाईल? मला विचारशील तर दोन्ही तिच्या मनात असू देत. गॅसवर पोहे आहेत, हाताला हळद लागलीय, आणि दार वाजतं. नायकाला तिथे गप्प ठेव. आधी तिला बोलू दे.

रविवारी सकाळी ये, लिहिलेलं घेऊन. ऊन चढायच्या आत.

तुझा,
सर