वाचकांचे प्रश्न : आभासी जग आणि त्यातले जीव

संगणकात जग उभारून त्यात जीव वाढवण्याच्या संशोधनाविषयी गेल्या काही अंकांपासून सातत्याने विचारणा होत आहे. आलेल्या प्रश्नांपैकी सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : संगणकावरील खेळांतही जंगले, शहरे, प्राणी आणि माणसे असतात. मग ‘कृत्रिम जीवन’ या नावाने वेगळे संशोधन कशासाठी?

उत्तर : खेळातला लांडगा दिसताक्षणी अंगावर धावून येतो, कारण त्याने तसे करावे हे कोणीतरी लिहून ठेवलेले असते, तो हजार वेळा मारला गेला तरी पुढच्या वेळीही तसाच धावून येतो. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये ‘मड’ हे केवळ मजकुरावर चालणारे, अनेकांना एकाच वेळी वावरता येणारे जग उभे केले. अशा जगांत येणारा माणूस रमला पाहिजे, हाच तेव्हापासून त्यांच्या रचनेचा मुख्य हेतू राहिला आहे. कृत्रिम जीवनाचा अभ्यासक मात्र दुसऱ्या टोकाकडून निघतो. तो प्राण्याचे वागणे लिहीत नाही, फक्त नियम लिहितो, आणि त्या नियमांतून कोणते वागणे निपजते हे पाहत बसतो. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या ‘बॉइड्स’मध्ये प्रत्येक पाखराला तीनच सूचना होत्या : शेजाऱ्याला धडकू नये, शेजारी ज्या दिशेने जात आहेत त्या दिशेला वळावे, आणि त्यांच्यापासून फार लांब पडू नये. थव्याविषयी एक ओळही लिहिलेली नसताना पडद्यावर थवा उडाला. पुढच्याच वर्षी लॉस अलामोस येथे ख्रिस्तोफर लँग्टन यांनी भरवलेल्या परिषदेपासून हे विखुरलेले काम एका नावाखाली आले.

या दोन वाटा कधी कधी अवचित एकमेकींना छेदतात. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात एका लढाईपुरता ठेवलेला संसर्ग खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर शहरांत पोहोचला आणि तेथे साथ पसरली. निर्मात्यांनी असे काही योजले नव्हते. घाबरून पळणारे आणि मुद्दाम रोग पसरवणारे असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात दिसल्यामुळे साथरोगतज्ज्ञांनीही पुढे त्या घटनेवर लिहिले.

प्रश्न : ‘गेम ऑफ लाइफ’चे नाव नेहमी घेतले जाते. त्यात ‘लाइफ’ कोठे आहे?

उत्तर : जॉन कॉनवे यांचा हा खेळ १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून लोकांपुढे आला. खेळणारा असा कोणी त्यात नसतो. अमर्याद पसरलेल्या चौकटीच्या कागदावर प्रत्येक घर एक तर जिवंत असते किंवा मृत, आणि प्रत्येक घराला आठ शेजारी असतात. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते टिकते, एरवी मरते. मृत घराला नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर ते जन्मते. एवढेच.

पेन्सिल घेऊन एका ओळीत लागून तीन घरे काळी करावीत. टोकाच्या दोन्ही घरांना एकेकच शेजारी असल्याने ती मरतात. मधल्याला दोन असल्याने ते टिकते. आणि मधल्याच्या थेट वरच्या व खालच्या घराला तीन-तीन शेजारी मिळत असल्याने तेथे जन्म होतो. आडवी रेघ उभी झाली. पुढच्या पिढीत ती पुन्हा आडवी होईल, आणि असे अखंड चालू राहील. आता पाच घरांची एक आकृती पाहावी : तीन घरांची उभी रेघ, मधल्या घराला डावीकडे चिकटून एक घर आणि सर्वांत वरच्या घराला उजवीकडे चिकटून एक. तिला ‘आर-पेंटोमिनो’ म्हणतात. ती १,१०३ पिढ्या खदखदत राहते आणि शेवटी ११६ जिवंत घरे मागे ठेवून स्थिरावते. पाच घरांकडे बघून हा शेवट ओळखण्याची कोणतीही जवळची वाट नाही, पिढीमागून पिढी मोजावीच लागते. ‘लाइफ’ हे नाव सार्थ ठरते ते माझ्या मते या अडवणुकीमुळे. सजीवांशी असलेले दिसण्यातले साम्य दुय्यम आहे.

प्रश्न : अशा जगांत खरोखर उत्क्रांती झाल्याचे कोणी पाहिले आहे काय?

उत्तर : पाहिले आहे, आणि त्यातील सर्वांत बोलके उदाहरण संगणकतज्ज्ञाने नव्हे तर वर्षावनांचा अभ्यास करणाऱ्या परिसंस्थाशास्त्रज्ञाने घडवले. टॉम रे यांनी १९९० च्या सुमारास ‘टिएरा’ नावाचे जग तयार केले. त्यातील भूमी म्हणजे संगणकाची मेमरी, अन्न म्हणजे प्रोसेसरचा वेळ, आणि जीव म्हणजे स्वतःची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम. रे यांनी हाताने लिहिलेला मूळ पूर्वज ८० सूचनांचा होता. नक्कल करताना अधूनमधून चूक होईल अशी तजवीज होती, आणि जागा भरत आली की वयाने मोठ्या व सदोष प्रोग्रामांना आधी काढून टाकणारा एक ‘यमदूत’ही होता. कोणता प्रोग्राम चांगला, हे मात्र रे यांनी कोठेच सांगितले नव्हते. जो टिकला आणि वाढला तोच चांगला.

थोड्याच काळात जीव आखूड होऊ लागले, कारण आखूड प्रोग्रामची नक्कल लवकर होते. येथपर्यंतचे कोणालाही सुचले असते. मग ४५ सूचनांचा एक जीव आढळला, आणि त्याच्यात नक्कल करण्याची सोयच नव्हती. एवढे अपंगत्व घेऊन तो वाढत कसा होता, याचे उत्तर जगाच्या दोन नियमांत सापडते. पहिला असा की शेजाऱ्याच्या मेमरीत लिहिण्यास मनाई होती, पण तेथील सूचना वाचून चालवण्यास मनाई नव्हती. दुसरा असा की प्रोग्राम आपल्याच भागाचा पत्ता आकड्याने शोधत नसे, तर ठरावीक खुणेने शोधत असे, आणि जवळपास जी जुळती खूण सापडेल तेथे जात असे, मग ती खूण स्वतःच्या अंगावर असो वा शेजाऱ्याच्या. या ४५ सूचनांच्या जीवाने नक्कल करण्याचा भाग गमावला होता. त्याची खूण शेजाऱ्याच्या अंगावर सापडे आणि शेजाऱ्याची यंत्रणा वापरून तो स्वतःची पिले काढी. हा परजीवी होता. यजमान संपत आले की तोही घटे. पुढे त्याला दाद न देणारे यजमान उपजले, आणि त्यानंतर परजीव्याचाच प्रोसेसरवेळ हिसकावून घेणारे परपरजीवीही आले.

रे यांनी परजीवी लिहिला नव्हता हे खरे, पण तो ज्या फटीतून आत आला ती फट त्यांच्याच नियमांत होती. वाचण्यासही मनाई केली असती तर शेजाऱ्याच्या जिवावर जगण्याची ही वाट उघडलीच नसती. जीव घडवण्यापेक्षा जग घडवणे हेच या क्षेत्रातील खरे अवघड काम आहे असे मी मानतो, ते या उदाहरणामुळे.

प्रश्न : आपण सांगितले एक आणि प्रोग्रामने केले भलतेच, असेही होते का?

उत्तर : या क्षेत्रातील लोक एकमेकांना सांगतात ते किस्से बहुतांशी याच जातीचे असतात. कार्ल सिम्स यांनी १९९४ मध्ये ठोकळ्यांच्या शरीराचे, पोहणारे आणि चालणारे जीव उत्क्रांत करून दाखवले. अशा प्रयोगांत वेगाला बक्षीस ठेवले की उंच काठीसारखे शरीर निपजते आणि नुसते आडवे पडून वेग मिळवते. त्याला पाय फुटण्याची गरजच राहत नाही.

चार्ल्स ओफ्रिया यांचा अनुभव याहून मार्मिक आहे. नक्कल करण्याचा वेग वाढवणारी उत्परिवर्तने वगळावीत, या हेतूने ते प्रत्येक बदललेला जीव वेगळ्या चाचणीकक्षात तपासत आणि वेगवान आढळल्यास काढून टाकत. काही काळाने जीव चाचणीकक्ष ओळखू लागले आणि तेथे आले की मेल्याचे सोंग घेऊन नक्कल थांबवू लागले. बाहेर गेले की पुन्हा भरभर वाढत. यात कोणाचाही कावा नव्हता. चाचणीत सोंग घेणारे तेवढे वाचले, इतकेच.

प्रश्न : मग ही उत्क्रांती पुढे पुढे जाऊन संगणकात नवी सृष्टी का उभी राहिली नाही? आणि या जीवांना जिवंत म्हणावे काय?

उत्तर : बहुतेक डिजिटल जगे काही काळ भरभराटतात आणि मग त्यांत तेच ते घडू लागते. नावीन्य न आटणाऱ्या उत्क्रांतीचा शोध हा या क्षेत्रातील सुटता न सुटलेला प्रश्न आहे. जगात करण्यासारखेच काही उरले नाही तर जीव तरी काय करणार? ‘अविडा’ या जगावर २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. सोप्या तार्किक क्रियांनाही मोबदला ठेवला तेव्हा ५० पैकी २३ समूहांत सर्वांत अवघड क्रिया उत्क्रांत झाली. मधल्या क्रियांचा मोबदला काढून केवळ शेवटच्या क्रियेला ठेवला, तेव्हा ती ५० पैकी एकाही समूहात आली नाही. पायऱ्या जगाने पुरवाव्या लागतात, आणि पृथ्वीने त्या कोणी न मांडता कशा पुरवल्या हे आपल्याला अजून उतरवून घेता आलेले नाही.

जिवंत म्हणावे काय, यावर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. टिएरातील जीवाला स्वतःचे शरीर टिकवण्यासाठी काहीही करावे लागत नाही. ते काम संगणक करतो.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सुरुवात कोठून करू?

उत्तर : वर सांगितलेला कॉनवे यांचा खेळ स्वतः लिहून काढावा, ५० ओळींत तो सहज बसतो. त्यात एकच अडचण येईल. कागद अमर्याद आहे असे आम्ही वर म्हटले, पण आपली मेमरी तशी नाही. काठाबाहेरची घरे कायमची मृत मानावीत, की उजव्या काठाला डावा आणि वरच्याला खालचा जोडून घ्यावा, हे आधी ठरवावे लागेल. दोन्ही प्रकार करून आर-पेंटोमिनो सोडून पाहावा. ६९ व्या पिढीत त्यातून ‘ग्लायडर’ नावाची पाच घरांची पहिली सरपटणारी आकृती सुटते. काठ जोडलेल्या लहान पाटावर ती दुसऱ्या बाजूने परत येऊन मागे राहिलेल्या गर्दीवर आदळेल, आणि तुमची मोजणी १,१०३ शी जुळणार नाही. तेव्हा प्रोग्राममध्ये चूक शोधत बसण्याआधी पाट मोठा करून पाहावा.