फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ पडला, मग बर्फ कमी होतोय हे खोटं का?

तुम्ही विचारलंय की जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, फेब्रुवारीत मात्र भरपूर बर्फ पडला, मग डोंगरांतला बर्फ घटतोय हे खरं मानायचं का. हो, मानायचं. पण एका हंगामावरून नाही आणि नुसत्या जाडीवरून तर मुळीच नाही.

'चार फूट बर्फ' अशी बातमी आली की माझा एकच प्रश्न असतो: त्यात पाणी किती? ताज्या कोरड्या बर्फाची घनता घनमीटरला साधारण 100 किलो, म्हणजे 40 सेंटीमीटर थरात 40 मिलिमीटर पाणी. हिवाळाअखेरचा दबलेला बर्फ 350 किलोच्या आसपास. तेवढ्याच जाडीत 140 मिलिमीटर. जाडीवरून भांडणारे हा फरक सोडूनच देतात.

मोजायचं कसं ते सविस्तर सांगतो, निम्मे वाद तिथेच मिटतील. बर्फाचा नमुना काढायला अमेरिकेत वापरतात ती 'फेडरल' नळी ॲल्युमिनियमची असते, खाली दातेरी पातं. पात्याचा आतला व्यास 1.485 इंच, आणि तो मुद्दाम तसा ठेवलाय: आतला बर्फ 1 औंस भरला की 1 इंच पाणी. आधी रिकाम्या नळीचं वजन टिपा. नळी उभी धरून जमिनीपर्यंत सलग दाबा, कडक थर लागला तर फिरवत न्या. वर काढल्यावर टोकाला माती दिसलीच पाहिजे, नाहीतर तळ गाठलेला नाही. माती खरवडा, वजन करा, रिकाम्या नळीचं वजा करा. ओला बर्फ आत चिकटला की नळी तुंबते आणि खालचा बर्फ बाजूला सरकतो. खोली 120 सेंटीमीटर आणि नळीतली बर्फाची कांडी 70 असेल तर नमुना सरळ फेकून द्या. दहाएक ठरलेल्या जागा घ्या, दर वर्षी त्याच, त्याच तारखेच्या आसपास.

ताज्या बर्फाच्या मोजणीत वेगळीच खोट असते. मोजणीसाठी ठेवलेल्या फळीवरचा बर्फ दर सहा तासांनी मोजून, पुसून बेरीज केली तर चोवीस तासांत एकदा मोजल्यापेक्षा जास्त भरते, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो. मधेच पद्धत बदलली की आकड्यांत नसलेला कल दिसू लागतो.

पश्चिम अमेरिकेत जुन्या नोंदी असलेल्या 90 टक्क्यांहून जास्त ठिकाणी वसंतात बर्फात साठलेलं पाणी घटलंय. आल्प्समध्ये 1971 ते 2019 या काळात 2000 मीटरखालचा बर्फाचा हंगाम 22 ते 34 दिवसांनी आखडला. तापमान एका अंशाने चढलं की शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिथे तापमान शून्य होतं ती उंची, साधारण दीडशे मीटर वर सरकते, आणि तिच्याखाली बर्फाऐवजी पाऊस पडतो. काश्मीरला चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस, म्हणूनच मोलाचे: तेव्हा पडलेला बर्फ थंडीत बसून टिकतो. फेब्रुवारी-मार्चचा ओला असतो, लवकर वितळतो. तो पडला म्हणून जानेवारीची भरपाई झाली असं धरू नका.

खूप उंचावर मात्र उलटंही होऊ शकतं. उबदार हवेत बाष्प जास्त मावतं आणि तिथली थंडी अजून पुरेशी आहे. शिवाय मोजमापालाही मर्यादा आहेत: आधी सांगितलेली फेडरल नळी पाणी थोडं जास्तच दाखवते, आणि उपग्रहाला बर्फाचा विस्तार दिसतो, पाणी तितकंसं नाही.

आकडे मागाल तेव्हा हेही विचारा: मोजणीचं केंद्र कधी हललं का, भोवती झाडं वाढली का, माप किती तासांनी घेत होते. आणि नोंदींची मालिका 30 वर्षांहून छोटी असेल तर तिच्यावरून कल सांगू नका.