महापालिकेचे अधिकारी आणि नगरसेवक यांच्यासोबत नागरिकांची सभा कशी घ्यावी, म्हणजे ती भांडणात संपणार नाही?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती थोडक्यात अशी: पुण्यात राहता, पाणी कमी दाबाने येतं, पावसात ड्रेनेजची चेंबरं उफाळतात, रस्ता उखडलेला आहे. चार-पाच सोसायट्या आणि शेजारची वस्ती मिळून सभा घ्यायची आहे. मागची सभा दोन तास आरडाओरडा होऊन संपली.

सभेत काम होत नसतं. कोणतं काम, कोण, कधीपर्यंत आणि कुठल्या पैशातून करणार, हे शंभर लोकांसमोर वदवून घेऊन कागदावर आणणं एवढंच सभेत होऊ शकतं. हा कागद, म्हणजे इतिवृत्त, निघालं नाही तर गर्दी कितीही जमू दे, सभा वाया गेली असं समजा. पुढची सगळी तयारी त्या एका कागदासाठी आहे.

आधी कायद्याचं बघू, कारण ते बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २९-ब ते २९-इ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आहे. लगतच्या काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. दोन वर्षांत किमान चार सभा घेणं नगरसेवकावर बंधनकारक आहे, न घेतल्यास पद जाऊ शकतं. प्रत्यक्षात ही सभा क्वचितच होते, कारण क्षेत्रांच्या हद्दी सरकारने ठरवून जाहीर कराव्या लागतात आणि घोडं तिथेच पेंड खातं. तरीही नगरसचिवांना पत्र देऊन विचारा: आमचा पत्ता कोणत्या क्षेत्रात येतो, त्या क्षेत्राची शेवटची सभा कधी झाली, तिचं इतिवृत्त कुठे बघायला मिळेल? उत्तर नकारार्थी आलं तरी नगरसेवकाला तुमच्या सभेला यायला लावण्यासाठी ते कामी येतं. चार सदस्यांचा प्रभाग असेल तर चौघांनाही वेगवेगळं पत्र द्या. एकालाच बोलावलं तर बाकीचे तिघे येत नाहीत, आणि सभेवर पक्षाचा शिक्का बसतो.

क्षेत्रसभेची वाट बघत बसू नका. नागरिकांनी स्वतः सभा बोलवायला कुणाची बंदी नाही. फक्त तिथे अधिकाऱ्याला यायला भाग पाडता येत नाही, म्हणून निमंत्रण कसं लिहिता यावर बरंच अवलंबून असतं.

सभेच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिलं काम म्हणजे प्रश्नांची छाननी. चाळीस तक्रारी गोळा होतील, त्यातल्या तीनच सभेत घ्यायच्या. बाकीच्या महापालिकेच्या तक्रार प्रणालीत टाकून टोकन क्रमांक घ्या आणि त्यांची यादी वेगळी जोडा. तीन निवडताना एकच कसोटी लावा: जो अधिकारी येणार आहे त्याच्या हातात ते काम आहे का? पुण्यात क्षेत्रीय कार्यालयाकडे साधारणपणे बारा मीटरपर्यंतचे रस्ते असतात, त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे. पाणीपुरवठ्याची यंत्रणा वेगळी आहे, ती क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या हाताखाली नाही. पथदिवे महापालिकेचे, पण वीज गेली तर महावितरण. गतिरोधक हवा असेल तर वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागतो. पाण्याच्या प्रश्नावर सहायक आयुक्तांना तासभर झाडायचं आणि शेवटी त्यांनी ‘मी पाणीपुरवठ्याला कळवतो’ म्हणायचं, अशा सभा नेहमी होतात. चूक बोलावणाऱ्यांची असते.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा: रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का? जुन्या लेआउटमधले अंतर्गत रस्ते कित्येकदा हस्तांतरितच झालेले नसतात. मग तिथे महापालिकेला खर्च दाखवता येत नाही, लेखापरीक्षणात आक्षेप येतो. असा रस्ता असेल तर सभेचा विषय खड्डे हा ठेवू नका, हस्तांतराची प्रक्रिया कुठे अडली हा ठेवा.

पुरावे मोजमापाचे हवेत. ‘पाणी येत नाही’ याला काही उत्तर नसतं. सलग सात दिवस, किमान पाच इमारतींत आणि वस्तीतल्या दोन नळांवर, पाणी कधी सुरू झालं, कधी बंद झालं आणि पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरली हे लिहून ठेवा. सोसायटीत ही बादली जमिनीखालच्या टाकीत पाणी पडतं तिथे लावायची, गच्चीच्या टाकीच्या नळाला नाही. हा तक्ता समोर ठेवला की अभियंत्याला लगेच कळतं की दोष लाइनच्या शेवटच्या टोकाचा आहे, व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळेचा आहे, की मधल्या कुणी थेट लाइनला मोटार लावली आहे. शेवटचं कारण निघालं तर सभेतल्याच कुणाचं तरी नाव पुढे येईल, त्याची मनाची तयारी ठेवा.

पावसात चेंबर उफाळण्याचंही तसंच. बहुतेक ठिकाणी ड्रेनेजची लाइन फक्त सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलेली असते आणि पावसाळी गटार वेगळं असतं. पण सोसायट्यांच्या गच्चीचे, आवाराचे पाइप सर्रास ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात. दोन तास जोराचा पाऊस झाला की त्या लाइनला ते पाणी झेपत नाही आणि सगळ्यात सखल भागातलं चेंबर, म्हणजे बहुतेक वेळा वस्तीतलं, उचकटतं. अशा वेळी सोसायट्यांनी सभेत ‘लाइन मोठी करा’ म्हणण्याआधी आपापल्या आवारात प्लंबर घेऊन फिरावं. आमच्या चार पाइपांची जोडणी आम्ही बदलतो, तुम्ही पावसाळी गटाराची झाकणं आणि गाळ बघा, असं म्हटलं की संभाषणाचा सूरच बदलतो. उन्हाळ्यातही तुंबत असेल तर कारण वेगळं: हॉटेलांचं तेलकट पाणी, मुळं शिरलेली लाइन किंवा खचलेला पाइप. तेव्हा जेटिंग मशिनने (जोरदार दाबाचं पाणी सोडून लाइन साफ करणाऱ्या यंत्राने) तात्पुरतं मोकळं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा भरतं. मागच्या वर्षात त्या चेंबरसाठी किती टोकनं उघडली ते मोजून न्या, त्यावरून दुरुस्ती हवी की साफसफाई हे ठरतं.

निमंत्रणाचं पत्र सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत संबंधित उपअभियंत्यांना आणि नगरसेवकांना, किमान दहा दिवस आधी. क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पत्रात तीनच प्रश्न, प्रत्येकाचं ठिकाण, टोकन क्रमांक आणि तक्ता. शेवटी एक वाक्य नक्की घाला: ‘आपणास येणे शक्य नसल्यास या तीन विषयांवर मुदत सांगू शकेल अशा अधिकाऱ्यास पाठवावे.’ नाहीतर आरोग्य निरीक्षक किंवा नवा कनिष्ठ अभियंता येतो, सगळं वहीत लिहून घेतो आणि जातो. त्याचाही इलाज नसतो. सभेच्या दोन दिवस आधी कनिष्ठ अभियंत्यासोबत जागेवर पाहणी करता आली तर सोन्याहून पिवळं. तो सभेत बचावात्मक पवित्रा घेत नाही, कारण प्रश्न त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो.

वेळ निवडताना वर्षाचा महिना दिवसापेक्षा महत्त्वाचा. नालेसफाईवर सभा एप्रिलमध्ये, जूनमध्ये नाही. रस्त्यावर जुलैत सभा घेतली तर ‘पावसाळ्यानंतर’ याखेरीज उत्तर मिळणार नाही, आणि ते खरंही असतं. नवं काम, म्हणजे नवी लाइन, पदपथ, दिव्यांचे खांब, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात यायला हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. मोठ्या कामांना तिथली पाच लाखांची मर्यादा पुरत नाही, पण बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे यांना पुरते. नगरसेवकाच्या ‘स’ यादीतला निधी, म्हणजे त्याने सुचवलेल्या प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात ठेवलेले पैसे, हा दुसरा मार्ग. आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर सभा घेऊ नका: आश्वासनं भरपूर मिळतात, कार्यादेश (वर्क ऑर्डर) एकही निघत नाही.

जागा बंदिस्त घ्या: सोसायटीचा हॉल, शाळा, विरंगुळा केंद्र, समाजमंदिर. रस्त्यावर मांडव आणि ध्वनिक्षेपक म्हटलं की पोलिसांची परवानगी आली. वस्तीतल्या लोकांना सोसायटीच्या गेटवर वॉचमन अडवतो, म्हणून शाळा सगळ्यात बरी. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. सातनंतर बायका उठून जातात आणि पाण्याचा प्रश्न सगळ्यात नीट सांगणाऱ्या त्याच असतात.

व्यासपीठ नको, हार नको, नारळ नको. सत्कार आणि प्रास्ताविकात पंचवीस मिनिटं जातात आणि नगरसेवक तेवढ्यातच ‘दुसरा कार्यक्रम आहे’ म्हणून निघतात. बोलणाऱ्यांनी दारातच चिठ्ठीवर नाव, इमारत आणि विषय लिहून द्यावा. चिठ्ठ्या विषयवार लावा आणि एक विषय पूर्ण संपल्याशिवाय दुसरा उघडू नका. माणशी दोन मिनिटं, एका विषयावर पाच-सहा वक्ते, बाकीच्यांनी ‘मलाही हेच म्हणायचं आहे’ म्हणून हात वर करावा. माइक स्टँडवर ठेवा. हातोहात फिरला की तो कुणाच्या तरी समर्थकाकडे अडकतो. सूत्रसंचालक कुठल्याही पक्षाचा नको आणि सोसायटीचा अध्यक्षही शक्यतो नको, निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला माणूस चालतो.

भिंतीवर मोठा कागद लावा, चार रकाने: काम, जबाबदार अधिकारी, तारीख, निधी. अधिकारी बोलत असतानाच एकाने त्यावर लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. इथे अधिकाऱ्यांची भाषा समजणं फार उपयोगी पडतं. कोणतंही काम पाहणी, एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश अशा पायऱ्यांनी जातं (छोट्या रकमेला काही पायऱ्या गाळल्या जातात). ‘प्रस्ताव पाठवलाय’ म्हणजे एस्टिमेट झालं असेल किंवा नसेलही, तेव्हा लगेच विचारा: एस्टिमेट किती रुपयांचं, कुठल्या तारखेला, सध्या कुणाच्या टेबलावर? ‘टेंडर प्रोसेसमध्ये आहे’ म्हटलं तर निविदा क्रमांक मागा, निविदा प्रसिद्ध झाली असेल तर तो असतोच. ‘वर्क ऑर्डर झालीय, ठेकेदार येत नाही’ असं उत्तर आलं तर कार्यादेशाची तारीख आणि कामाची मुदत विचारा, दंडाचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. ‘निधी नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, त्यावर चिडू नका. कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या सदरात हवा, एवढं विचारून नगरसेवकांकडे वळा. उखडलेला रस्ता तीन-चार वर्षांतच झालेला असेल तर दोषदायित्व कालावधी कधी संपतो हे विचारायला विसरू नका. तो शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि निधीचा प्रश्नच उरत नाही. हा प्रश्न फार कमी सभांमध्ये विचारला जातो, विचारला की खोलीतली हवा बदलते.

फेरीवाल्यांचा विषय काढणार असाल तर त्यांनाही बोलवा. न बोलावता त्यांच्याविरुद्ध ठराव करणं योग्य नाही आणि टिकतही नाही: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिलेले आहेत, सभेच्या ठरावाने ते जात नाहीत. पार्किंगचा विषय पहिल्या सभेत घेऊच नका, त्यात नागरिक एकमेकांतच भांडतात.

सभा संपताना भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि अधिकाऱ्याला विचारा, यात काही चुकीचं लिहिलंय का? फोटो काढा. तीन दिवसांत एका पानाचं इतिवृत्त करून क्षेत्रीय कार्यालयात आवक करा, खाली लिहा: ‘सात दिवसांत दुरुस्ती न कळवल्यास वरील नोंदी बरोबर आहेत असे समजण्यात येईल.’ अधिकाऱ्यांवर त्याचं कायदेशीर बंधन नाही, पण पुढच्या अर्जात हाच कागद जोडला जातो. व्हॉट्सॲप गटावर तो पीडीएफ टाका आणि त्याखाली चर्चा बंद ठेवा.

तारीख उलटली तर आधी फोन, मग आठवण-पत्र, मग माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. प्रश्न ‘काम का झालं नाही’ असा विचारू नका, माहिती अधिकारात ‘का’ला उत्तर मिळत नाही. अमुक कामाच्या एस्टिमेटची, कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तकातल्या (प्रत्यक्ष झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीतल्या) नोंदींची प्रत मागा. त्याहून सोपं म्हणजे अर्जात अभिलेख पाहू देण्याची मागणी करा आणि तिथे जाऊन फाइलच बघा. आयुक्त नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. मात्र तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, गटाच्या नावाचा अर्ज परत येतो. म्हणून वस्तीतल्या ज्या घरात चेंबरचं पाणी शिरतं, त्या घरमालकाच्या नावाने अर्ज करा.

पुढची सभा तीन महिन्यांनी ठेवा आणि नवे प्रश्न घेण्याआधी जुन्या तक्त्याच्या चारही रकान्यांवरून जा. मधल्या काळात अभियंत्याची बदली झाली, आणि ती बहुधा होतेच, तर नवा माणूस रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला इतिवृत्ताची प्रत जुन्या आवक क्रमांकासह नेऊन द्या.